धाकट्या भावासाठी हायस्कूल (न्यूयॉर्क, क्वीन्स): स्टायव्हेसंटची परीक्षा, चार्टरची लॉटरी की आणखी काही?

जॉबरची_लेक

नमस्कार मंडळी. वर्षभर इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबेल जरा, सांभाळून घ्या.

आम्ही इचलकरंजीचे. बाबा पॉवरलूमवर जॉबर होते, म्हणजे माग बंद पडला की ज्याला झोपेतून उठवून आणतात तो माणूस. काकांनी इकडून भावंडांच्या कोट्यात आमची फाइल टाकली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि ओमचा तर पत्ताच नव्हता. नंबर लागला तेव्हा मी एकवीस ओलांडलेली. अर्ज मंजुरीसाठी जितकी वर्षं पडून होता तितकी वयातून वजा करतात म्हणून माझा व्हिसा वाचला, नाहीतर हे तिघं इथे आणि मी तिथे आत्याकडे राहिले असते. या जानेवारीत आलो. फ्लोरल पार्कला काकांच्या बेसमेंटमध्ये राहतो. बाबा रात्रपाळीला पेट्रोल पंपावर, आई किराणा दुकानात भाजी निवडून पाकिटं भरते. मी दिवसा क्वीन्सबरो कॉलेजात, संध्याकाळी एका फार्मसीच्या काउंटरवर.

ओम आठवीत आहे. घरात इंग्रजी धड मलाच येतं, त्यामुळे शाळेचं प्रत्येक पत्र माझ्याकडे येतं. पालकसभेला आई-बाबांच्या मध्ये मी बसते. बाई बोलतात, मी मराठीत सांगते, आई मान हलवते, मी इंग्रजीत "येस" म्हणते. आता या हायस्कूलच्या भानगडीत तर सगळेच माझ्या तोंडाकडे बघतायत. तिकडे दहावीपर्यंत एकच शाळा, घराच्या मागच्या गल्लीत. इथे बारा शाळांची यादी भरायची, तीही पसंतीच्या क्रमाने!

काकांचं एकच, "स्टायव्हेसंट." (परीक्षा देऊन मिळणारी इथली नावाजलेली सरकारी शाळा.) त्यांच्या ऑफिसातल्या कुणाची दोन्ही मुलं तिथून निघाली. त्यासाठी त्यांनी अठराशे डॉलर देऊन ओमला एका क्लासात घातलंय (नाव घेत नाही). तिथे तीन शनिवार त्याला शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या आणि चौथ्या शनिवारी म्हणाले, याला पुढच्या वर्षी नववीच्या परीक्षेला बसवा. पैसे परत नाहीत.

काकूंचं म्हणणं, चार्टरमध्ये घाला, ती प्रायव्हेटसारखी असते, युनिफॉर्म असतो, शिस्त असते.

ओम तिकडे सेमी-इंग्रजीत होता. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठी. मी शहराच्या हँडबुकातली सराव परीक्षा घरी वेळ लावून घेतली. गणितात ५७ पैकी ४१ बरोबर, आणि चुकलेल्यांतले सात-आठ तर प्रश्नच न कळल्यामुळे. इंग्रजीत ५७ पैकी १९. पेपर माझ्याकडे देऊन म्हणाला, "ताई, चारपैकी एक डोळे मिटून लिहिलं तरी चौदा येतात. म्हणजे मला पाचच येतंय." हिशोब बरोबर होता, त्यामुळे रागावताही येईना.

परीक्षेची नोंदणी बंद व्हायला आठवडा उरलाय. बसवू का? चार्टरचं खरं काय? आणि यादीत बाकी काय भरू? घराजवळची झोनची शाळा आहेच, पण तिचं नाव काढलं की काका ताटावरून उठतात.

---

क्वीन्सकर_मावशी

अगं, आधी एक श्वास घे. माझी दोन्ही मुलं इथल्याच सरकारी शाळांतून शिकली, सगळं या डोळ्यांनी पाहिलंय.

पहिलं म्हणजे पालकसभेत तू दुभाषी व्हायचं नाही. शाळेने दुभाषी द्यायचा असतो, फोनवर का होईना, आणि फुकट. दोन दिवस आधी मराठी हवं म्हणून कळव. तू बहीण म्हणून बस, प्रश्न विचार. भाषांतर करताना माणसाला प्रश्न सुचत नाहीत.

आता परीक्षा. नोंदणी कर, फुकट आहे. आठ शाळांना ही एकच परीक्षा: स्टायव्हेसंट, ब्राँक्स सायन्स, ब्रुकलिन टेक, आणि पाच लहान, त्यातली एक आपल्या जमैकात यॉर्क कॉलेजच्या आवारात. प्रवेश फक्त या एका दिवसाच्या गुणांवर. शाळेतले मार्क, शिफारशी, काही धरत नाहीत. मोठ्या तीन शाळांसाठी हे १९७१ च्या राज्याच्या कायद्यातच लिहिलंय, म्हणून दर दोन-चार वर्षांनी भांडणं होतात आणि परीक्षा जागच्या जागी राहते. दरवर्षी २५-२६ हजार मुलं बसतात, चार हजारांच्या आसपास मुलांना जागा मिळते. ओमला इंग्रजी शिकणारा म्हणून जादा वेळ मिळतो, तो मागून घे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा त्याच्या त्या "डोळे मिटून" शास्त्रालाही वाव आहे! पण १९ वर स्टाय होत नाही, हे काकांना कुणीतरी सांगायला हवं. या शाळांचा पसंतीक्रम वेगळा असतो, तुझ्या बारातली जागा खात नाही.

चार्टर. प्रायव्हेट नाही गं ती. पैसा सरकारी, कारभार वेगळ्या मंडळाचा, फी शून्य. अर्ज बारांच्या यादीत नाही, वेगळा करायचा, मुदत १ एप्रिलपर्यंत, आणि अर्ज जास्त आले की सरळ लॉटरी. भावंडांना प्राधान्य असतं म्हणतात ते भावंड त्याच शाळेत शिकत असेल तर. क्वीन्सबरो कॉलेजातली ताई चालत नाही. आणि बऱ्याच चार्टर बालवाडीपासूनच्या असतात, नववीत नवीन जागा थोड्या. अर्ज टाकून ठेव, त्यावर विसंबू नकोस.

बारांच्या यादीतल्या मार्क बघणाऱ्या शाळांत सातवीच्या गुणांवरून मुलांचे गट पाडतात आणि गटातल्या गटात लॉटरी लागते. मायस्कूल्सच्या (शहराची प्रवेशाची साइट) खात्यात ओमच्या नावासमोर लॉटरीचा एक लांबलचक आकडा असेल, अंक आणि ए ते एफ अक्षरांची सरमिसळ. सुरुवात शून्याने असेल तर देवापुढे साखर ठेव, एफने असेल तर... असो. ओमची अर्धी सातवी तिकडची आहे, तेव्हा त्याचे गुण नेमके कोणते धरलेत ते काउन्सेलरला लेखी विचार. लेखी.

---

एडिसनचा_राजा

एवढी डोकेफोड कशाला? जर्सीत या. एडिसनला घर घ्या, घराजवळची शाळाच इतकी चांगली की परीक्षा नको नि लॉटरी नको. गणपतीही जोरात असतो.

---

क्वीन्सकर_मावशी

राजे, ती बेसमेंटमध्ये राहते म्हणाली. घर घ्या काय!

---

टेकवाला_निनाद

मी बेलरोजहून ब्रुकलिन टेकला चार वर्षं गेलो, २०१७ ला बाहेर पडलो. त्यामुळे प्रवासाबद्दल बोलायचा हक्क माझा.

पाच वीसला उठायचं. हिलसाइडवरून क्यू-४३, १७९ स्ट्रीटला एफ गाडी, जे स्ट्रीटला उतरून चालत. सगळं जुळलं तर दीड तास, नाही जुळलं तर पहिला तास बुडाला. एफ गाडी १७९ ला सुटते, म्हणून जाताना बसायला मिळतं, तेवढंच सुख. मी अख्खं बायॉलॉजी त्या गाडीत वाचलं आणि अख्खं झोपेत विसरलो. ब्राँक्स सायन्स याहून लांब पडेल. स्टाय मात्र ऐकायला लांब, जायला त्यातल्या त्यात सोपी, कारण मध्ये ई गाडी धरली की ती वर्ल्ड ट्रेड सेंटरलाच संपते.

शाळा उत्तम. सहा हजारांच्या आसपास मुलं, अकरावीपासून मेजर, वर्कशॉप, लॅब. पण सहा हजारांत तुम्हाला कोण ओळखणार? ज्याला इंग्रजीत हात वर करायची भीती वाटते, तो तिथे चार वर्षं हात खाली ठेवून सहज काढू शकतो. वर्गात माझ्या बाजूचा मुलगा ढाक्याहून सातवीत आलेला. गणितात आम्हा सगळ्यांचा बाप. दोन वर्षांत त्याचा आवाज मी कँटीनच्या रांगेतच ऐकला.

परीक्षा आता कॉम्प्युटरवर असते. एक-दोनदा स्क्रीनवर सराव करून घ्या, कागदावर केलेला सराव तसाच उतरत नाही. आणि प्रवासाचा खर्च नाही, विद्यार्थ्यांना ओमनी कार्ड मिळतं, दिवसाला चार फेऱ्या फुकट, सुट्टीतसुद्धा.

एक विचारू? तुझ्या एवढ्या मोठ्या पोस्टमध्ये ओमला काय आवडतं ते कुठे आलंच नाही.

---

जॉबरची_लेक

निनाददादा, ते मुद्दामच लिहिलं नव्हतं.

ओमला यंत्रं आवडतात. तिकडे शाळा सुटली की दप्तर फेकून बाबांच्या मागे कारखान्यात. आठ वर्षांचा असताना नुसत्या आवाजावरून सांगायचा, तीन नंबरच्या मागाचा पिकर गेलाय. बाबांना तेव्हा कौतुक वाटायचं. इथे आल्यावर काकांचं गवत कापायचं यंत्र त्याने उघडलं आणि पुन्हा सुरू करून दाखवलं. काका खूश झाले. बाबा उठून आत गेले.

रात्री मला म्हणाले, "ग्रीस माझ्या हातापर्यंतच बस्स झालं. पोरगं खुर्चीत बसलं पाहिजे. त्यासाठी आलोय का नाही?" यावर मी काय बोलणार? त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं मागात गेलेली आहेत.

काउन्सेलरबाईंनी यादीत एव्हिएशन हायस्कूल सुचवलं होतं, विमानं दुरुस्त करायला शिकवतात म्हणे. मी घरी सांगितलंच नाही. ओमला मात्र माहीत आहे. त्याने शाळेच्या कॉम्प्युटरवर शोधून त्यांच्या हँगरचा फोटो छापून आणलाय, माझ्या अकाउंटिंगच्या पुस्तकात ठेवलाय. माझ्याच पुस्तकात, म्हणजे मला दिसावा म्हणून.

---

बीडची_सरू

मी चौदाव्या वर्षी आले तेव्हा मला इंग्रजीत नाव-गाव सोडून काही येत नव्हतं. मी इंटरनॅशनल हायस्कूलला गेले, ला-गार्डिया कम्युनिटी कॉलेजात आहे ती, १९८५ पासूनची. या धर्तीच्या शाळा आता शहरात बऱ्याच आहेत. अट अशी की देशात येऊन चार वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत आणि इंग्रजी शिकत असायला हवं. ओम दोन्हींत बसतो.

तिथे कुणीच इंग्रजीवाला नसतो, हीच गंमत. टेबलावर चार जण, चार भाषा. एक तिबेटी, एक बंगाली, एक इक्वाडोरची, एक मी. एकमेकांशी बोलायचं तर इंग्रजीशिवाय इलाज नाही, आणि सगळ्यांचं मोडकंच, त्यामुळे लाज नाही. बहुतेक रीजेंट्स, म्हणजे राज्याच्या परीक्षांऐवजी आम्ही प्रकल्प करून शिक्षकांच्या पॅनेलपुढे उभं राहून मांडायचो. पहिल्यांदा माझे पाय इतके थरथरले की सरांनी खुर्ची दिली.

एक खोट सांगते. मराठी बोलायला चार वर्षांत एक माणूस मिळालं नाही. आणि गणितात ओम पुढे असेल तर पहिलं वर्ष त्याला सोपं जाईल, कंटाळेल. आधीच विचारा की वरचं गणित कधीपासून देता.

मायस्कूल्सवर ही शाळा दिसली नाही तर जमैकाच्या फॅमिली वेलकम सेंटरला पासपोर्ट नि आल्याची तारीख घेऊन जा.

योगायोग बघ, ही शाळा आणि एव्हिएशन दोन्हींचं स्टेशन एकच आहे, सात नंबरच्या गाडीचं ३३ स्ट्रीट-रॉसन. सकाळी त्या जिन्यावर आमची पोरं नि त्यांची पोरं एकत्र उतरायची. त्यांच्यातल्या काहींच्या अंगावर वर्कशॉपचे कपडे असायचे.

---

जेएफके_नाइटशिफ्ट

मी विमानाचा मेकॅनिक आहे. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा) आणि पॉवरप्लांट (इंजिन), दोन्ही लायसन्स. लिहायची सवय नाही, चुकलं तर माफी.

मी त्या शाळेचा नाही. मला तीस महिन्यांचा कामाचा अनुभव दाखवून परीक्षेला बसावं लागलं. त्या शाळेची पोरं शिकता शिकताच तयार होतात. शाळेत हँगर आहे, त्यात खरी विमानं आहेत, आणि आमच्या जेएफके विमानतळावरही त्यांची एक शाखा आहे. लेखी, तोंडी, प्रात्यक्षिक अशा तीन परीक्षा एफएएच्या, म्हणजे सरकारच्या विमान खात्याच्या. लायसन्स अठरा पूर्ण झाल्यावर. दोन्ही लायसन्स हवी तर काही पोरं पाचवं वर्ष थांबतात. सोबत सगळ्यांसारखा हायस्कूलचा डिप्लोमा असतोच, पुढे इंजिनिअरिंगला जायचं तर दार बंद होत नाही.

सोपं समजू नका. मॅन्युअल इंग्रजीत. नियमातच आहे की इंग्रजी वाचता, लिहिता, बोलता, समजता आलं पाहिजे. एक शब्द चुकीचा समजला तर बोल्ट चुकीचा जातो. पण असलं इंग्रजी यंत्रवेड्या पोराला लवकर येतं. कवितेचं नाही येणार कदाचित.

तुमच्या बाबांना एक सांगा. ग्रीस लागतंच. मी खोटं नाही बोलणार. पण काम झाल्यावर लॉगबुकात माझं नाव, माझा लायसन्स नंबर, माझी सही. ती सही नसेल तर विमान जागचं हलत नाही. माझे वडील परळला गिरणीत फिटर होते, सगळं आयुष्य गेलं, कुठल्या कागदावर सही मागितली नाही त्यांना कुणी. पगाराच्या वहीत फक्त.

---

जॉबरची_लेक

उशिरा लिहितेय, शनिवार-रविवार फार्मसी होती.

परीक्षेची नोंदणी केली, जादा वेळही मागितला. ओमला सांगितलं, काकांच्या अठराशे डॉलरसाठी एकदा बसून ये. पुढच्या पालकसभेला मराठी दुभाषी मिळणार आहे. काउन्सेलरबाई म्हणाल्या, मराठी पहिल्यांदाच कुणी मागितलं.

जेएफकेदादा, तुमचा मजकूर मी बाबांना वाचून दाखवला. सकाळी पंपावरून आले होते, चहा घेत होते. पूर्ण ऐकलं. मग एवढंच विचारलं, "सही मेकॅनिकची? मालकाची नाही?" मी म्हटलं, मेकॅनिकची. परत वाचायला लावलं. मग झोपायला गेले.

काल रात्री जेवताना आपणहून विषय काढला. म्हणाले, घाल ते यादीत, पण चौथ्या नंबरावर. वर ज्यांत मुलं पुस्तकं वाचतात अशा तीन शाळा टाक, म्हणजे त्या शाळेलाही कळेल की आपण काही तिथेच पडलेलो नाही. ओम खाली मान घालून भाकरी मोडत होता. शाळांना खरंच कळतं का हो आपण कितव्या नंबरावर टाकलंय ते? आणि पहिल्या नंबरावर टाकलं तर भाव वाढतो का?

---

क्वीन्सकर_मावशी

नाही गं. शाळेला तुझा क्रम दिसतच नाही.

पूर्वी दिसायचा, आणि काय काय राजकारण चालायचं! २००३ मध्ये शहराने अर्थशास्त्रज्ञांना बोलावून ही पद्धत बदलली. त्यातल्या अल्विन रॉथना पुढे २०१२ चं नोबेल मिळालं. आता कॉम्प्युटर काय करतो? तुझा पहिला नंबर घेतो, त्या शाळेत ओम बसतो का बघतो. बसला तर जागा तात्पुरती धरून ठेवतो, त्याच्याहून वर बसणारा आला तर काढून घेतो आणि ओमच्या दुसऱ्या नंबराकडे जातो. असं शेवटपर्यंत. चौथी शाळा विचारायची वेळ येते ती वरच्या तिन्हींनी नाही म्हटल्यावरच. आणि तेव्हाही ती शाळा ओमला तसंच बघते जसं पहिल्या नंबरावर टाकलं असतं तर बघितलं असतं. चौथ्यावर टाकून मान वाढत नाही आणि पहिल्यावर टाकून लाचारी दिसत नाही.

पण एक धोका आहे. वरच्या तीनपैकी एकीने ओमला घेतलं, तर एव्हिएशनला विचारलंच जाणार नाही. तेव्हा बाबांना विचार, त्या तीनमधली एखादी मिळाली आणि विमानवाली हुकली, तर घरात कोण खूश होणार आहे?

आणि बाराच्या बारा भर. झोनची शाळाही शेवटी टाक, काका ताटावरून उठले तर उठू देत. मुदत डिसेंबरच्या सुरुवातीला असते, शेवटच्या रात्री ती साइट रडते.

---

टेकवाला_निनाद

मावशी सांगतात तसंच. माझ्या बहिणीची यादी मी भरली होती. "सेफ" म्हणून मधली शाळा वर टाकली, तीच मिळाली. अजून राखी बांधताना ऐकवते.

---

जेएफके_नाइटशिफ्ट

ओपन हाउसला बाबांना घेऊन जा. तुम्ही बोलू नका. त्यांना हँगरमध्ये सोडा.

---

जॉबरची_लेक

ओपन हाउसची तारीख काढली, बाबांची पाळी त्या दिवशी बदलून मिळतेय. क्यू-४३, मग एफ, रूझवेल्टला उतरून सात नंबर. बरोबर ना?

मायस्कूल्सचं खातं बाबांच्या नावावर आहे, पासवर्ड माझ्याकडे. मी आत्ता रात्रीच चौथ्याचा पहिला केला असता तर कुणाला कळलंही नसतं. नाही केला. तिथून आलो की त्यांना शेजारी बसवून, मावशींचं वरचं सगळं मराठीत वाचून, मग भरीन. इंटरनॅशनल दुसऱ्या नंबरावर टाकायची असं माझं नि ओमचं ठरलंय, स्टेशन तेच असल्यामुळे आईलाही ते पटलं.

सरू, वरच्या गणिताचं विचारायला कुणाशी बोलू? थेट शाळेला ईमेल केली तर उत्तर देतात का?